कालमुद्रेची प्रमाणता : सॉफ्टवेअर-संग्रह, त्यांचे मिरर आणि पाठचिकित्सेची दृष्टी

भिलाई पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या रेल्वेच्या रुळावर, त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर, काही अक्षरे व अंक उठावात उमटलेले असतात. रुळाचा छेद, पोलादाची प्रत, कारखान्याची खूण आणि लाटणीचा महिना व वर्ष एवढी माहिती त्यांत सामावलेली असते. याखेरीज पोलादाच्या ज्या हप्त्यातून तो रूळ निघाला, त्या हप्त्याचा क्रमांकही रूळ तप्त असतानाच त्यावर ठोकला जातो. कारखान्याच्या भाषेत या हप्त्याला ‘हीट’ म्हणतात. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेथून निघालेले रूळ पुढे देशभर पसरले. रूळ कोणत्याही आगारात कितीही वर्षे पडून राहिला, तरी तो केव्हा लाटला गेला हे त्याच्याच अंगावर वाचता येते. उलट, ज्या वाघिणीतून तो गेला तिच्या पावतीवरील तारीख केवळ त्या प्रवासाची असते. पावतीवरून रुळाचे वय ठरवू पाहणारा फसेल.

वस्तूच्या अंगभूत तारखेत आणि वस्तूसोबत आलेल्या तारखेत असलेला हा भेद पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नवा नाही. मात्र संगणकीय संग्रहांच्या बाबतीत तो सहज विसरला जातो. फाईलीच्या नावासमोर दिसणारा दिवस, तास, मिनिट व सेकंद इतका नेमका असतो की त्याविषयी संशय घेण्याचे कारणच वाटत नाही. नेमकेपणा आणि प्रमाणता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सॉफ्टवेअर पॅकेजांच्या संग्रहांचे व त्यांच्या मिररांचे उदाहरण घेऊन स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे साहित्याभ्यासातील स्थान

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने सॉफ्टवेअरच्या तारखांची चिंता का वाहावी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आज साधनेच संगणकीय झाली आहेत. शब्दांच्या वारंवारितेवरून लेखकाची शैली ओळखण्याच्या अभ्यासात ‘स्टायलो’ हे पॅकेज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मासेय एडर, यान रिबिकी व माइक केस्टेमाँट यांनी ते ‘आर’ या संगणकभाषेसाठी तयार केले असून ‘क्रॅन’ या संग्रहातून ते मिळते. एखाद्या प्रबंधातील निष्कर्ष अशा पॅकेजाच्या विशिष्ट आवृत्तीवर अवलंबून असतो. आवृत्ती बदलली की मूळ निवडी बदलू शकतात, आणि त्या बदलल्या की आलेखावरील ग्रंथांची जवळीकही बदलू शकते. निष्कर्ष पुन्हा पडताळायचा असेल, तर त्या दिवशी संग्रहात नेमके काय होते हे कळले पाहिजे.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. डिजिटल पाठ ज्या यंत्रणेने साठवले व वाटले जातात, तीच यंत्रणा सॉफ्टवेअर-संग्रहांची आहे. फरक इतकाच की सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तारखांच्या फसवेपणाचा अनुभव लवकर आला आणि त्यावरील उपायांचा विचारही तेथेच अधिक काटेकोरपणे झाला. तो विचार साहित्याभ्यासाला उपयोगी पडणारा आहे.

२. एका पॅकेजातील अनेक तारखा

पॅकेजाची ‘तारीख’ असा एकवचनी प्रयोग मुळातच दिशाभूल करणारा आहे. क्रॅनवरील एखाद्या पॅकेजाची वर्णनफाईल उघडली, तर लेखकाने स्वतः लिहिलेली तारीख तीत असू शकते; शिवाय पॅकेज बांधल्याची एक आणि संग्रहात प्रसिद्ध झाल्याची दुसरी अशा तारखा असतात. वापरकर्त्याच्या यंत्रासाठी ते रूपांतरित झाले असेल, तर त्या रूपांतराची तारीख निराळी. मूळ आज्ञावली ‘गिट’ या पद्धतीने जतन केलेली असेल, तर तेथे प्रत्येक बदलाला दोन तारखा असतात : बदल लिहिणाऱ्याची एक आणि तो इतिहासात दाखल करणाऱ्याची दुसरी. या दोन्ही तारखा संबंधित व्यक्तीच्या यंत्रावरील घड्याळातून येतात आणि हव्या तशा देताही येतात.

यांपैकी कोणतीही तारीख खोटी नाही; प्रत्येकीचा विषय वेगळा आहे. साहित्यातील स्थिती याहून वेगळी नसते. मराठी मातृभाषा असलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगाव येथे आपल्या अखेरच्या वर्षांत अध्यापन करीत होते. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा संग्रह १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यातील कवितांचे लेखन व पुनर्लेखन मात्र आधीच्या अनेक वर्षांत पसरलेले आहे. १९६४ हे प्रकाशनाचे वर्ष आहे, रचनेचे नव्हे, हे सांगण्यासाठी विशेष विद्वत्ता लागत नाही. फाईलीच्या तारखेपुढे मात्र हेच भान सुटते.

युनिक्स परंपरेतील यंत्रे फाईलीविषयी तीन वेळा नोंदवत आली आहेत : मजकूर शेवटचा केव्हा बदलला, नाव किंवा परवानगी यांसारखी बाह्य माहिती केव्हा बदलली आणि फाईल शेवटची केव्हा वाचली गेली. निर्मितीची वेळ या जुन्या त्रयीत नाहीच. सामान्य वापरकर्ता जिला ‘फाईलीची तारीख’ समजतो, ती मजकूर शेवटचा बदलल्याची तारीख असते, आणि तीही साध्या आज्ञेने कोणालाही बदलता येते.

३. मिरर म्हणजे लिपिकार

मोठ्या सॉफ्टवेअर-संग्रहाची हुबेहूब प्रत दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवली जाते, तिला मिरर म्हणतात. मूळ ठिकाणावरील भार हलका व्हावा आणि वापरकर्त्याला जवळून फाईल मिळावी, हा त्यामागील हेतू. भारतात आयआयटी मद्रास, आयआयटी कानपूर यांसारख्या संस्थांनी असे मिरर चालवले आहेत. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईतील संशोधक असो वा शेजारच्या दुर्गमधील महाविद्यालयाचा विद्यार्थी असो, त्याच्या हाती येणारे पॅकेज बहुधा मुळाची प्रत नसून प्रतीची प्रत असते.

येथे हस्तलिखितांच्या परंपरेची आठवण अपरिहार्य आहे. मराठीत ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचा शके १२१२ हा काळ पोथ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नकलला गेला. पोथीच्या अखेरीस तो आकडा आढळला म्हणून ती पोथी शके १२१२ ची ठरत नाही. लिपिकार दोन प्रकारचे असतात. एक मूळ पोथीतील समाप्तीचा मजकूर तारखेसह जसाच्या तसा उतरवतो. दुसरा आपल्या लेखनाचा शक व तिथी नमूद करतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केले, ही नोंद तर तिसऱ्याच प्रकारची आहे. ती रचनेची नाही वा नकलेची नाही, संपादनाची आहे. या तीन नोंदी वेगळ्या ओळखणे हा पाठचिकित्सेचा पहिला धडा होय.

मिररही असेच वागतात. प्रती जुळवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘आरसिंक’ या साधनाला मूळ तारीख राखण्याची सूचना दिली, तर प्रतीवर मुळाची तारीख येते. ती सूचना दिली नाही, तर नकलेचा क्षण येतो. ‘डब्ल्यूगेट’ने उतरवलेल्या फाईलीवर सर्व्हरने सांगितलेली अंतिम बदलाची तारीख लागते, तर ब्राउझरने उतरवलेल्या त्याच फाईलीवर बहुधा उतरवल्याची वेळ लागते. ‘गिट’ तर फाईलीची जुनी तारीख साठवतच नाही. भांडार उतरवले की सर्व फाईली त्या क्षणाच्या दिसतात. एकच पाठ, तीन वाटांनी आलेला, तीन तारखा धारण करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मिररच्या व्यवहारात तारीख ही केवळ नोंद राहत नाही, ती निर्णय घडवते. आरसिंकची नेहमीची रीत फाईलीचा आकार आणि अंतिम बदलाची वेळ यांची तुलना करण्याची आहे. दोन्ही जुळले, तर मजकूर समान आहे असे गृहीत धरून फाईल पुन्हा नकलली जात नाही. त्यामुळे मुळात एखादे अक्षर बदलले, आकार तोच राहिला आणि तारीखही जुनीच लावली गेली, तर मिररवर जुना मजकूर तसाच राहील. मजकूर अक्षरशः पडताळण्याची सोय त्या साधनात आहे. पण ती वेळखाऊ असल्याने नित्य वापरली जात नाही. तारखेवरचा विश्वास अशा प्रकारे पाठभेद निर्माण करू शकतो.

४. कालगणनेचे अडथळे

तारीख प्रामाणिक असली तरी ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न उरतो. भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ते छत्तीसगढच्या भूमीवरून जाते. भिलाई त्याच्या किंचित पश्चिमेस असल्याने तेथील स्थानिक सरासरी वेळ प्रमाणवेळेहून सुमारे साडेचार मिनिटांनी मागे आहे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईत स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे तासभर पुढेही केली गेली होती. आजची संगणकव्यवस्था मात्र संपूर्ण भारतासाठी कोलकात्याच्या नावाचा एकच कालविभाग वापरते.

व्यवहारात त्याहून नित्य अडचण साडेपाच तासांच्या अंतराची आहे. भिलाईत १ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता प्रसिद्ध झालेले पॅकेज जागतिक वेळेनुसार ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठचे ठरते. कालविभाग न देता केवळ वर्ष उद्धृत केले, तर एकाच घटनेला दोन वर्षे मिळतात. जुन्या ‘फॅट’ पद्धतीच्या डिस्क आणि मूळ स्वरूपातील ‘झिप’ फाईली स्थानिक वेळ नोंदवतात, पण ती कोणत्या ठिकाणची हे नोंदवत नाहीत. शिवाय त्यांची नोंद दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत असते आणि १९८० पूर्वीची तारीख त्यांत मावत नाही.

५. हेतुपुरस्सर कृत्रिम तारखा

काही तारखा जाणूनबुजून कृत्रिम ठेवल्या जातात, आणि त्यामागे फसवणूक नसून नेमका उलट हेतू असतो. एकाच आज्ञावलीपासून दोन व्यक्तींनी पॅकेज बांधले, तर दोन्ही फाईली अक्षरशः समान यायला हव्यात. तरच कोणी मध्ये काही मिसळले नाही याची खात्री पटते. बांधणीची वेळ फाईलीत उमटली, तर ही समानता मोडते. म्हणून ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चा पुरस्कार करणाऱ्यांनी २०१५ मध्ये एक संकेत रूढ केला, त्यानुसार बांधणीच्या क्षणाऐवजी आज्ञावलीच्या अखेरच्या बदलाची वेळ वापरली जाते. ‘निक्स’ ही व्यवस्था तर साठ्यातील सर्व फाईलींना १ जानेवारी १९७० ही, युनिक्स कालगणनेच्या आरंभाची, तारीख देते. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या व्यवस्थेने आपल्या गठ्ठ्यांतील फाईलींना २६ ऑक्टोबर १९८५ ही तारीख लावली. कालप्रवासावरील एका हॉलिवूडपटातील तो दिवस आहे.

भिलाईतील यंत्रावर निक्सची फाईल १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचची दिसते. ज्याला हा संकेत माहीत नाही, त्याला ती अत्यंत प्राचीन वाटेल. ज्याला माहीत आहे, त्याला कळेल की येथे तारीख ‘नाही’ असे सांगितले आहे. रिकाम्या जागेला रिकामी म्हणणे हीही एक प्रामाणिक नोंदच होय.

६. कपट आणि साक्ष

२००८ मध्ये जस्टिन कॅपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅरिझोना विद्यापीठातून केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, बनावट व्यक्ती व संस्था उभी करून कोणालाही लोकप्रिय सॉफ्टवेअर-संग्रहांचा अधिकृत मिरर चालवता येतो. असा मिरर खोटे पॅकेज न देताही घात करू शकतो : तो केवळ जुनी, सदोष पण अस्सल स्वाक्षरी असलेली आवृत्ती ‘आजची’ म्हणून देत राहील. काळ गोठवण्याचा हा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणून डेबियनच्या काही सूचींत, स्वाक्षरीच्या कक्षेतच, ‘या दिवसापर्यंत ग्राह्य’ अशी मुदत लिहिली जाते.

ग्नू प्रकल्पाच्या सर्व्हरवर मार्च २००३ मध्ये परक्याने पूर्ण ताबा मिळवला होता. ही गोष्ट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाली. मधल्या काळात तेथील फाईलींच्या तारखांना काही अर्थ उरला नव्हता, कारण सर्व्हरवर ताबा असलेला मनुष्य तारीखही ठरवू शकतो. फाईली निर्दोष आहेत हे ठरवताना पूर्वीपासून अन्यत्र ठाऊक असलेल्या त्यांच्या अंकमुद्रांचा आधार घ्यावा लागला. मजकुराच्या प्रत्येक अक्षरावर गणिती प्रक्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची संख्या म्हणजे अंकमुद्रा. संगणकाच्या भाषेत तिला ‘हॅश’ म्हणतात. एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण बदलते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजात दडवलेली चोरवाट उघडकीस आली, तेव्हा तपास करणाऱ्यांनी संशयित लेखकाच्या गिट-नोंदींतील कालविभागही तपासले. बहुतेक नोंदी जागतिक वेळेच्या आठ तास पुढच्या होत्या, मोजक्या दोन-तीन तास पुढच्या. त्यावरून तर्क झाले. सिद्ध मात्र काही झाले नाही. लेखकाच्या हाती असलेली तारीख ही साक्ष नसून केवळ कथन असते.

मग साक्ष कोणाची धरावी? तर ज्याला त्या कथनात हितसंबंध नाही अशा तिऱ्हाइताची. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांच्या अंकमुद्रा साखळीने एकमेकींत गुंफण्याची कल्पना मांडली. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून अशा साखळीची अंकमुद्रा ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास आरंभ केला. छापील वृत्तपत्राच्या हजारो प्रती मागाहून बदलता येत नाहीत. म्हणून ती ओळ ज्या दिवशी छापली गेली, त्या दिवशी तो मजकूर अस्तित्वात होता हे निश्चित होते. संगणकीय दस्तऐवजाला प्रमाण मिळाले ते कागदावरच्या शाईतून, हा योगायोग ग्रंथाभ्यासकाला सुखावणारा आहे. भारतात १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात अंकमुद्रा नमूद करण्याची तरतूद केली, तीही याच विचाराची द्योतक आहे.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात डेबियनचा ‘स्नॅपशॉट’ संग्रह अशा तिऱ्हाइताचे काम करतो. २००५ पासूनच्या अवस्था तेथे सापडतात, आणि प्रत्येक फाईल तिच्या अंकमुद्रेने ओळखली जाते. येथील कालमुद्रा फाईल केव्हा लिहिली हे सांगत नाही. ती संग्रहात केव्हा दिसली एवढेच सांगते, आणि म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह आहे. तथापि साक्षीदारही मर्त्य असतात. क्रॅनच्या दैनंदिन अवस्था सप्टेंबर २०१४ पासून जतन करणारा ‘एमरॅन’ हा संग्रह मायक्रोसॉफ्टने १ जुलै २०२३ रोजी बंद केला. ज्या संशोधनात केवळ ‘अमुक तारखेची एमरॅन-अवस्था’ एवढाच संदर्भ होता, त्याचा आधार त्या दिवशी निखळला. ज्यात आवृत्तिक्रमांक व अंकमुद्रा होत्या, त्याला तीच फाईल अन्यत्र शोधून ओळखण्याची वाट राहिली.

७. मराठी पाठातील अंतर्गत प्रमाण

बाह्य तारीख डळमळीत असली तरी मजकुराच्या आतही काळाच्या खुणा असतात. भाषाशास्त्रज्ञ शब्दरूपांवरून पोथीचा काळ अजमावतात, तसे संगणकीय मराठी पाठात वर्णांच्या संकेतांकावरून करता येते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यापूर्वीची तारीख लागलेली युनिकोड-देवनागरी फाईल त्या तारखेची असणे शक्य नाही. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये. त्यापूर्वी ‘अ’ आणि वरचा अर्धचंद्र असे दोन संकेतांक जोडून ते लिहिले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसू शकतात, यंत्राला मात्र ते वेगळे असतात. रुपयाचे नवे चिन्ह शासनाने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आले.

तेव्हा एखाद्या मराठी भाषांतरसंचाच्या फाईलीवर २००३ ची तारीख असेल आणि आत ‘ॲ’चा स्वतंत्र संकेतांक असेल, तर दोनच शक्यता संभवतात : तारीख चुकीची आहे, किंवा मजकुरावर २००८ नंतर हात फिरला आहे. अशी खूण पूर्वमर्यादा देते, उत्तरमर्यादा नाही. ती नसल्यामुळे पाठ जुना ठरत नाही, कारण जुन्या सवयीने लिहिणारे नंतरही असतातच. आणि तिच्यावरून फक्त त्या प्रतीचा काळ कळतो, कृतीचा नव्हे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून अभ्यासकाच्या हाती काही व्यावहारिक निकष येतात. तारीख उद्धृत करताना ती कशाची, रचनेची, बांधणीची, प्रसिद्धीची की नकलेची, हे लिहावे. कालविभाग द्यावा. आवृत्तिक्रमांकासोबत अंकमुद्रा नोंदवावी आणि शक्य तेथे वापरलेल्या फाईलीची प्रत स्वतःजवळ जपावी. मिररच्या तारखेला मुळाच्या तारखेचा मान देऊ नये. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्याखेरीज पौर्वापर्याचा दावा करू नये. एका लेखकाने दुसऱ्याकडून उचलले, एक भाषांतर दुसऱ्याच्या आधीचे, असे निर्णय जेव्हा फाईलीच्या तारखेवर दिले जातात, तेव्हा पणाला लागते ती कोणाची तरी प्रामाणिकता; त्या निर्णयासाठी आधारही तितकाच भक्कम हवा.

अंकमुद्रा ही तारीख नव्हे, हे अखेरीस पुन्हा सांगावयास हवे. ती रुळावर ठोकलेल्या हीट-क्रमांकासारखी आहे : हा पाठ तोच आहे एवढे ती सांगते, केव्हाचा आहे हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी कारखान्याच्या दप्तरात त्या क्रमांकापुढे कोणी तरी, त्याच वेळी, तारीख लिहून ठेवलेली असावी लागते, आणि ते दप्तर जपलेले असावे लागते.